कुठं लिहिलं हाय, बुवा?

मंडळी मोडली ती मास्तरच्या रुतीनं, म्हणजे मी, असं आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं अजून सांगतात. सांगू देत. त्यातली बरीचशी तेव्हा आईच्या कडेवर होती आणि काहींचा तर जन्मही झालेला नव्हता, पण डोळ्यांनी पाहिल्यासारखं ठासून बोलतात. मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आहे, आणि आता एकदाच काय ते नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. कुणाला पटावं म्हणून नव्हे. आजकाल नाताळाच्या आधी मोठमोठे मंडप पडतात, भोंगे लागतात, पांढऱ्या कपड्यातला कुणी पाहुणा येऊन लोकांच्या डोक्यावर हात ठेवतो आणि शेजारच्या पोरी मला विचारतात, ‘आजी, तुम्ही येत नाही का?’ मी जाते, पण माझा चष्मा आणि माझं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन जाते आणि पहिल्या रांगेत बसते.

आमचं गाव इंझोरीपासून दोन कोसांवर. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडं, आमची अकरा घरं होती. गाव आम्हाला बाटगे म्हणायचं आणि आम्ही स्वतःला मंडळी म्हणायचो. माझा बा या मंडळीचा प्रचारक आणि वस्तीतल्या पोरांचा मास्तर. टिनाच्या छपराची एक लांबट खोली होती, आठवड्यात ती शाळा आणि रविवारी आमचं उपासनेचं देऊळ. तिच्या दाराशी लिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. माय तो सळईनं वाजवायची तेव्हा आवाज थेट कपाशीच्या वावरांपर्यंत जायचा. आमच्या घराला लागून रहीमचाचा पिंजाऱ्याचं घर होतं. वस्तीत तेवढं एकच घर मुसलमानाचं. दिवसभर त्यांच्या धनुकलीचा आवाज चालायचा आणि हवेत कापूस उडत राहायचा. तो आमच्या भाकरीवर येऊन बसे, मायच्या केसात बसे, बाच्या शास्त्राच्या पानांत जाऊन बसे. माय कुरकुरायची, पण चाचा घरी नसले की ‘आज कसं सुनं सुनं वाटून राह्यलं’ असंही तीच म्हणायची.

हिवाळ्यात आमच्याकडं खाण्याची चंगळ असे. तुरीला हिरव्या शेंगा लागल्या की माय सोल्यांची आमटी करायची, वर कच्च्या जवसाच्या तेलाची धार, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर चुलीशी उभी करून ठेवलेली. बा जेवायला बसला की मी त्याच्या ताटाशेजारी बसायची. कारण त्याला दिसत नव्हतं. भाकर कुठं, आमटी कुठं, हे मी त्याचा हात धरून दाखवायची. दोन वर्षांत त्याच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू चढला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळे, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळे, बाकी काही नाही. शाळा मी आणि बा मिळून चालवायचो. मी वाचायची, तो शिकवायचा. शास्त्र मात्र त्याला वाचून दाखवावं लागत नसे. पानंच्या पानं तोंडपाठ. रविवारी डोळे मिटून तो तासभर म्हणत असे आणि बाया तोंडाला पदर लावून ऐकत.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बा या वस्तीत आला तेव्हा त्यानं पहिल्या रविवारी लोकांना विचारलं होतं, तुम्हाला विहिरीवर कायले चढू देत नव्हते? लोक म्हणाले, पोथीत लिहिलं हाय म्हनून. बानं विचारलं, कोणी दाखवलं का पोथीत कुठं लिहिलं ते? कुणी कधीच दाखवलं नव्हतं. बापजाद्यांपासून माणसं एका न पाहिलेल्या पानाला भिऊन जगली होती. तेव्हा बानं ठरवून टाकलं की आपल्या मंडळीत असं चालणार नाही. जो कोणी उपासनेत उभा राहून ‘शास्त्र सांगते’ म्हणेल, त्याला कुणीही विचारावं, ‘कुठं लिहिलं हाय? बोट ठेवा.’ मग बोलणाऱ्यानं पुस्तक उघडून त्या जागी बोट ठेवायचं, आणि ज्याला वाचता येतं अशा परक्या घरच्या माणसानं ती जागा मोठ्यानं वाचायची. पाहुणा असो की मिशनचा साहेब असो, सुटका नाही. एकदा मिशनच्या गोऱ्या साहेबांनाही आमच्या मंडळीतल्या कोंडाबाईनं विचारलं होतं. साहेबांनी खिशातून चष्मा काढून दहा मिनिटं पानं चाळली, सापडलं नाही तेव्हा हसून ‘माझी चूक’ म्हणाले आणि खाली बसले. कोंडाबाईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण कुणाला जागा सापडत नाही हे ओळखायला अक्षर लागत नाही.

मग बाचे डोळे गेले आणि ही रीतही गेली. कुणी मोडली नाही, ती आपोआप सुटली. आंधळ्या माणसाला बोट ठेव असं कोण म्हणणार? लोकांनी दयेनं विचारणं सोडलं. आणि बा कधी चुकतही नसे, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. पण दोन वर्षांत आमच्या साध्या माणसांच्या मनात एक भलतंच घर करून बसलं. डोळे मिटून, पुस्तक न उघडता जो बोलतो तोच खरा देवाचा माणूस, असं त्यांना वाटू लागलं. बा दिसत नाही म्हणून डोळे मिटायचा. लोकांना वाटलं ही पवित्रपणाची खूण आहे. ही चूक आमचीच होती, दुसऱ्या कुठल्या मंडळीनं ती केली नसती.

आणि नेमका असाच एक माणूस दिवाळीनंतर आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. येशुदासबुवा. पायात खडावा, अंगावर भगवी नव्हे पण भगव्याच्या जवळची कफनी, काखेत पेटी. कुठून आले हे त्यांनी नीट सांगितलं नाही, ‘जिकडे प्रभू नेईल तिकडे’ म्हणाले. आवाज असा की रहीमचाचांची धनुकली थांबली. बोलणं एकदम पुस्तकी, शुद्ध, आमच्या वऱ्हाडी कानांना ते ऐकताना उगाच आपण अडाणी असल्यासारखं वाटे. आणि डोळे कायम अर्धे मिटलेले. त्या रात्री आमच्याच ओसरीवर मुक्काम केला आणि पुढं महिनाभर हलले नाहीत. मायनं कोंबडी कापली. मी पाय धुवायला पाणी दिलं. सुरुवातीला मला ते आवडले होते, हे मी लपवणार नाही. त्यांनी गायला सुरुवात केली की माझ्याही अंगावर काटा यायचा.

ते कधीच शास्त्र उघडत नसत. दुधावरच्या पोरांना पुस्तक लागतं, मोठ्यांशी आत्मा थेट बोलतो, असं म्हणायचे. बाला हे खटकायला हवं होतं. पण बुवा आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी बाच्या डोळ्यांवर तळवे ठेवले आणि सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, ‘चाळीस दिवस. चाळीस दिवसांत या डोळ्यांना दृष्टी येईल. नाताळाच्या दिवशी मास्तर स्वतः उभे राहून वाचतील. अट एकच. या डोळ्यांना माणसाचा चाकू लागता कामा नये.’ मी बाच्याकडं पाहिलं. त्यानं बुवांचे तळवे डोळ्यांवर तसेच दाबून धरले होते. माझ्या कठोर, तर्कटी, साहेबाला सुद्धा न सोडणाऱ्या बापाला इतकी आशा वाटलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि तेव्हाच मला भीती वाटली.

कारण चाकूची वेळ ठरलेली होती. वाशीमला मिशनच्या दवाखान्यात दर हिवाळ्यात पंधरा दिवस डोळ्यांचे डॉक्टर येत. आदल्या वर्षी त्यांनी बाला तपासून सांगितलं होतं, ‘अजून कच्चा आहे, पुढच्या वर्षी काढू. पण पुढच्या वर्षी चुकवू नका. पिकून आत फुटला तर डोळा दुखायला लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. वर्षभर माय दिवस मोजत होती. आणि आता डॉक्टरांच्या येण्याची चिठ्ठी आली तर बा म्हणाला, ‘ठेवून दे.’

‘बा, सोमवारपासून डाक्तर येऊन राह्यले,’ मी म्हटलं.

‘ऐकलं मी.’

‘मंग? रहीमचाचाले गाडी सांगू?’

‘रुती, चाळीस दिवस व्हाले पंधरा-वीस दिवस राह्यले. एवढं थांबलो, आनखी थांबतो. आधीच चाकू लावला अन् मंग देव म्हनला, मी देतच होतो त काय तोंड दाखवू?’

माय चुलीशी होती. तिनं डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली बुवांच्या सांगण्यावरून आधीच उकिरड्यात फेकली होती. मी ती शोधायला गेले होते, पण कुणीतरी फोडून टाकली होती.

मग तो रविवार आला. डॉक्टर वाशीमला पोचायचा आदला दिवस. बुवांनी बाला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांना डोळे मिटून माना खाली घालायला सांगितलं. जो डोळे उघडेल तो कृपेच्या वाटेत उभा राहील, असंही बजावलं. सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. यात माझा काही शूरपणा नव्हता, सवयच तशी होती. बा प्रार्थनेत उठून दोन पावलं पुढं जायचा आणि एकदा पायरीवरून पडला होता, तेव्हापासून मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत असे. तर बुवांनी बाच्या तोंडासमोर हात धरला. तीन बोटं वर. ‘मास्तर, किती दिसतात?’ बानं मान पुढं काढली. मग अगदी हळू म्हणाला, ‘दोन.’ आणि बुवांनी तिसरं बोट मिटलं. तोंडावरची माशीही हलली नाही इतक्या सहज मिटलं. ‘आता डोळे उघडा, बंधूंनो, आणि पाहा!’ सगळ्यांनी पाहिलं. दोन बोटं. मग जो गजर झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बाया रडत होत्या, लक्षुमनदादा, आमच्या मंडळीचे मोठे पंच, ते तर जमिनीवर लोळले. मायनं बाचे पाय धरले.

मी बाच्या तोंडाकडं पाहत होते. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. चोरी केलेल्या पोराचं तोंड जसं होतं, तसं त्याचं झालं होतं. घरी आल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या म्हणून चुलीवरच्या आमटीत हात घातला. बोटं भाजली. ‘काई नाई, काई नाई,’ म्हणत राहिला. मी मायला बाजूला नेलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. मायनं माझ्या थोबाडीत मारली. मला वाटलं होतं बुवांबद्दल खोटं बोलले म्हणून मारते आहे, पण नाही. ती म्हणाली, ‘तू डोये उघडे ठेवले? त्यायनं सांगतलं होतं तरी उघडे ठेवले? आता नाई दिसलं त तुह्यामुये नाई दिसनार!’ आणि स्वतःच रडत बसली.

मी गप्प बसले. हे मला लिहायचं नाही, तरी लिहिते. मी चौदा वर्षांची होते आणि मला खरंच वाटलं की माझ्या उघड्या डोळ्यांमुळं बाचे डोळे अडले तर? बुवांनी दुसऱ्या दिवशी ते बोलूनही दाखवलं. ‘या घरात कुणीतरी शंका बाळगून आहे,’ म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, छपराकडं पाहिलं. वस्तीतल्या पोरी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मंगळवारी बाच्या उजव्या डोळ्यात कळा सुरू झाल्या. कपाळापर्यंत जायच्या. तो गोधडीत तोंड घालून पडायचा आणि विचारलं की म्हणायचा, ‘उजेड येऊन राह्यला, म्हनून दुखते.’ हे वाक्य बुवांचं होतं, त्याचं नव्हतं. गुरुवारी त्याला ओकारी झाली. शुक्रवारी रहीमचाचा ओसरीवर आले, बाला पाहिलं आणि मला म्हणाले, ‘बेटी, मी गाद्या घेऊन सोमवारी वाशीमले चाललो. गाडीत जागा हाय. तुह्या बापाले ईचार. मी परका मानूस, मी काय बोलू?’

शनिवारभर मी शाळेच्या खोलीत बसून शास्त्र चाळत होते. मला खात्री करून घ्यायची होती. बरं करण्याच्या कितीतरी गोष्टी सापडल्या. डोळ्यांना माती लावल्याची सापडली, तेल लावल्याची सापडली, तळ्यावर जाऊन धुवायला सांगितल्याची सापडली. वैद्याकडं जाऊ नका असं कुठं सापडलं नाही. वैद्याचं काम करणारा एक माणूस तर प्रेषितांच्या सोबत फिरत होता. संध्याकाळी मी पुस्तक मिटलं तेव्हा मला बुवांचा राग आला नव्हता, माझाच आला होता.

पुढच्या रविवारी बुवांचं गाणं झालं, रडणं झालं, चाळीस दिवसांची गोष्ट झाली. मी उभी राहिले. बाचं मोठं शास्त्र छातीशी धरलं होतं.

‘बुवा, एक इचारू?’

‘विचार, मुली.’

‘डोयाले चाकू लावू नोये, हे कुठं लिहिलं हाय? बोट ठेवा.’

दोन वर्षांत ते शब्द तिथं उच्चारले गेले नव्हते. बुवा हसले. फार मायेनं हसले. ‘पाहिलंत, बंधूंनो? मी सांगत होतो ना, या घरात शंका आहे. मुली, कोणत्या पापामुळं तुला हा प्रश्न सुचला, ते आधी सांग.’

‘माहे पापं मंग सांगते, लय हायेत. आधी बोट ठेवा.’

पुढं आयुष्यात मी अशी पुष्कळ माणसं पाहिली. त्यातले काही लबाड होते, काहींचा स्वतःवरच विश्वास बसलेला होता. बुवा यातले कोणते, मला आजही सांगता येणार नाही, आणि मला त्याची फिकीरही नाही. माणसाच्या काळजात शिरून बघायची माझी ऐपत नाही. पण प्रश्न विचारल्यावर जो उत्तराऐवजी विचारणाऱ्याची पापं काढतो, त्याच्या हाती आपला बाप द्यायचा नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

बुवांनी माझ्या हातून शास्त्र घेतलं. महिन्याभरात पहिल्यांदा. भराभर पानं उलटली, अगदी सराईतपणे, आणि एका जागी बोट ठेवलं. ‘वाच.’ मी वाचलं. बायांनी मंडळीत गप्प राहावं, अशा अर्थाचं ते होतं. लक्षुमनदादा मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाले.

‘बरोबर हाय,’ मी म्हटलं. ‘लिहिलं हाय. म्हंजे तुमाले पानं सापडतात. आता तसंच ते चाकूचं बी दाखवा, मंग मी गप बसते.’

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बुवांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. ‘बाईनं गप्प बसावं, हे आताच वाचलंस ना? बस खाली!’

मी बसले. आता सगळं संपलं असं वाटलं. तेवढ्यात कोंडाबाईचा आवाज आला. ती बुवांशी बोलतच नव्हती, ती पुरुषांच्या बाजूला बसलेल्या आपल्या नवऱ्याकडं बघत होती. ‘अहो, बायांनं बोलू नोये म्हनतात. तुमी त मानूस हा ना? मंग तुमी इचारा.’ तिचा सखाराम म्हणजे सगळ्या वस्तीत मऊ माणूस. बैलालाही ‘जी’ म्हणून हाकायचा. तो उठला, टोपी काढली, पुन्हा घातली, हात जोडले आणि जमिनीकडं बघत म्हणाला, ‘बुवा… ते… पोट्टी म्हनते ते… बोट.’

‘ते आत्म्यानं मला सांगितलं!’ बुवा ओरडले. ‘ते कागदावर नसतं!’

‘अन् तीन बोटांचे दोन झाले ते?’ मी पुन्हा उभी राहिले होते. कधी उठले ते कळलं नाही. ‘मांगच्या रविवारी तुमी तीन बोटं धरले होते. बा दोन म्हनला तवा तुमी एक मिटलं. मी पाह्यलं. माहे डोये उघडे होते.’

मग मात्र गोंधळ उडाला. प्रार्थनेत डोळे उघडे! देवाच्या माणसावर आळ! लक्षुमनदादा मला बाहेर काढायला उठले. मायनं मला मागून मिठी मारली, धरून ठेवायला की वाचवायला, तिचं तिलाही ठाऊक नसावं. आणि त्या गलक्यात बा स्टुलावरून उठला. भिंतीला हात लावत पुढं आला. लोकांनी त्याला वाट दिली.

‘पोट्टीनं काय पाह्यलं ते ती जाने,’ तो म्हणाला. ‘मी माहं सांगतो. मले तीन बी नाई दिसले अन् दोन बी नाई. काईच नाई दिसलं. मी अंदाजानं बोललो. तुमी सगये आशेनं बसले होते, मले नाई म्हनवलं नाई. मी तुमाले शास्त्र शिकवलं अन् मीच तुमच्यापुढं खोटं बोललो.’ मग बुवांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून त्यानं विचारलं, ‘बुवा, माह्या पोरीनं इचारलं त्याची जागा दाखवता का?’

बुवांनी पेटी उचलली. जाता जाता दारात उभं राहून त्यांनी माझ्यावर बोट रोखलं, या मुलीची जीभ झडेल, हिचं घर बसणार नाही, असं बरंच काही म्हणाले. घर माझं बसलं, मुलं झाली, नातवंडं झाली. जिभेचं तर तुम्ही पाहताच आहात.

सोमवारी पहाटे रहीमचाचांनी गाद्यांच्या ढिगात बासाठी खळगा केला आणि आम्ही वाशीमला निघालो. वाटभर बा कण्हत होता. गाडी खड्ड्यात गेली की चाचा बैलांना शिव्या देत आणि बाची माफी मागत. दवाखान्यात रांग होती, पण बाची अवस्था पाहून डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि मायशी बोलायला लागले. माय पदरानं तोंड झाकून उभी होती, म्हणून ते माझ्याशी बोलले.

‘डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढतो आज. त्याला दिसेल. उजवा गेला. मोतीबिंदू आत फुटला आहे.’

‘काईच नाई होनार?’

‘दुखणं केव्हा सुरू झालं?’

‘मंगळवारी.’

‘मी गेल्या सोमवारपासून इथंच आहे,’ ते म्हणाले. रागावून नाही, दमलेल्या माणसासारखं म्हणाले. ‘आठ दिवस आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते.’

डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून बा दहा दिवस उताणा पडून होता. मी त्याला चमच्यानं पेज पाजायची. एकदा दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. ‘बा, मी रविवारीच पाह्यलं होतं. सोमवारी डाक्तर आले होते. मी आठ दिवस गप राह्यली.’ मग चाचपडत त्यानं माझा हात शोधला. ‘तुहे आठ दिवस,’ तो म्हणाला, ‘अन् माहा महिना. उगी राह्य.’ पण त्याच्या पट्टीखालून पाणी येत होतं आणि डॉक्टरांनी रडायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून मी घाबरून पुसत राहिले.

नाताळाच्या दोन दिवस आधी आम्ही घरी आलो. बाच्या डाव्या डोळ्यावर हिरवी फडकी, चष्मा अजून महिन्यानं मिळायचा होता. बुवा लक्षुमनदादांच्या घरी आठवडाभर राहून दुसरीकडं गेले होते. पण अकरा घरांपैकी सहा घरं आमच्या ओसरीवर पाय ठेवायला तयार नव्हती. डोळा गेला तो शंकेमुळं गेला, चाळीस दिवस धीर धरला असता तर दोन्ही आले असते, असं त्यांचं म्हणणं. कसलाही पुरावा या म्हणण्याला हलवू शकत नव्हता, उलट गेलेला डोळाच त्यांचा पुरावा झाला होता. नाताळाच्या सकाळी लक्षुमनदादा दारात आले. आत आले नाहीत.

‘मास्तर, सन हाय. मंडळी फुटू नोये असं मले बी वाटते. रुतीनं सगयायसमोर माफी मागावं. एवढंच. मंग आमी सगये येतो.’

बानं माझ्याकडं तोंड वळवलं. ‘काय म्हनतं, रुती?’

मायच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मी तिच्याकडं पाहणंच टाळलं. ‘मागते,’ मी म्हणाले.

रुळाचा तुकडा वाजला. अकराही घरं आली. बायांनी धुतलेली लुगडी नेसली होती, पोरांच्या डोक्याला तेल होतं, खोली खच्चून भरली होती. रहीमचाचाही दाराबाहेर बाजेवर बसले होते, सणाला ते नेहमी बसायचे. लक्षुमनदादा उठले, खाकरले आणि म्हणाले, ‘पोरगी बोलनार हाय. ऐकून घ्या.’ मी पुढं गेले. बाची हिरवी फडकी माझ्याकडं वळलेली होती.

‘मी माफी मागते,’ मी म्हणाले, आणि खोलीत सुटकेचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ‘बुवाले इचारलं त्याची नाई. प्रार्थनेत डोये उघडे होते त्याची बी नाई. मी आठ दिवस उशिरा इचारलं, त्याची मागते. तेवढ्यात माह्या बाचा डोया गेला.’

आणि मी जाऊन जागेवर बसले. सहा घरं उठून बाहेर पडली, पोरंसोरं घेऊन, एकेक करून, चपला शोधत. त्याला खूप वेळ लागला. कुणी कुणाला थांबवलं नाही. मग बानं उरलेल्या पाच घरांना विचारलं, कुठलं गाणं घ्यायचं.